गुंडाळलेली घंटा

आधी डोळे मिट आणि मी सांगतो ते बघ. एक लांबच लांब बोळ आहे. डाव्या हाताला जाडजूड लोखंडी दारं, आणि त्यांच्या फटींतून पांढरी गार वाफ जमिनीवर सरपटत बाहेर येतेय. उजव्या हाताला एकच लाकडी दार, त्यावर कुणीतरी खडूने बदक काढलंय. डावीकडे फळांच्या पेट्या गारठून पडल्यात, उजवीकडे तान्ही मुलं झोपलीत. आता मान वर कर. बदकाच्या दारावर, भिंतीला, कापडाचा एक गोळा दिसेल. निळ्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या चिंध्या एकावर एक गुंडाळलेल्या. चांगला तुझ्या डोक्याएवढा गोळा. त्याच्या आत काय असेल?

टिटवीला ते ठाऊक होतं. त्याच्या आत घंटा होती.

टिटवी हे तिचं खरं नाव नव्हे, पण तिचं खरं नाव तिच्या शाळेबाहेर कुणी घेत नसे. तिचा आवाज असा काही होता, की ती बोळाच्या या टोकाला कुजबुजली तरी त्या टोकाला ऐकू जायचं. शिवाय डोळ्यांना दिसेल ते तोंडाने सांगून टाकायची सवय. "अगं हळू," आई म्हणायची. "हळू बोल गं बाई," मावशी म्हणायची. पाळणाघर सांभाळणारी पाळणाआजी तर काही न बोलता नुसतं ओठांवर बोट ठेवायची. दुपारी शाळा सुटली की टिटवी तिथेच यायची, कारण आई आणि मावशी दोघी कामावर, आणि भोपळ्या पाळण्यात. भोपळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला एकदा पाहिलं की हे नाव का पडलं ते विचारावं लागत नसे.

ते फळांचं शीतगृह होतं. तिथल्या बायका त्याला नुसतं 'थंडी' म्हणत. "आज मी थंडीत आहे," म्हणजे आज मला आतलं काम आहे. आई बाहेरच्या टेबलावर फळं निवडायची, मावशी जाड कोट आणि रबरी बूट घालून थंडीत पेट्या रचायची. आतला गारवा टिकवायला नळ्यांमधून अमोनिया नावाचा वायू फिरत असे. तो नळीत असतो तोवर मुकाट काम करतो; बाहेर आला तर आधी डोळे जाळतो, मग घसा, आणि मग माणसाला दार कुठे आहे ते सापडत नाही. म्हणून ती घंटा. वायू थोडासुद्धा सुटला की तिने वाजायचं, आणि सगळ्यांनी पोरं उचलून अंगणात यायचं, असं ठरलेलं होतं.

पण घंटा फार वाजायची. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, कधी भर दुपारी पोरांना नुकती झोप लागली की. बायका हातातलं टाकून धावायच्या, मुलं दचकून टाहो फोडायची, आणि मग मॅनेजर शांतपणे येऊन म्हणायचा, "खोटी वाजली. दमटपणा आहे हवेत. चला, कामाला लागा." एका आईच्या पोरीने असंच दचकून दूध टाकलं आणि आईच्या घशाखाली दिवसभर घास उतरला नाही. त्या आईने दुसऱ्या दिवशी पोरीचं जुनं दुपटं फाडून घंटेभोवती गुंडाळलं. आवाज जरा बसका झाला. सगळ्यांना बरं वाटलं.

मग ती रीतच पडली. नवं मूल पाळणाघरात आलं, की आईने त्याच्या दुपट्याची एक पट्टी आणायची, तीन पायांच्या स्टुलावर चढायचं आणि आधीच्या पट्ट्यांवर आपली पट्टी बांधायची. खाली इतर बायका उभ्या राहायच्या. चहा व्हायचा. "झोप रे बाबा आता, तुला कुणी उठवत नाही," असं कुणीतरी बाळाला सांगायचं. टिटवीची निळी पट्टी आत कुठेतरी खोल होती. भोपळ्याची फुलाफुलांची पट्टी सगळ्यांत वर होती, कारण तो सगळ्यांत नवा. अंगणापलीकडच्या दुसऱ्या शेडमध्येही असंच पाळणाघर होतं, तशीच घंटा होती. तिथल्या बायकांनी इकडची रीत बघून उचलली होती.

घंटा आता कुणालाच उठवत नव्हती.

मावशीला अपघात झाला तो दिवस अगदी साधा होता. वारा जरा जास्त, एवढंच. मावशी थंडीत मागच्या रांगेत पेट्या लावत होती. वास आला, पण थोडा वास तिथे नेहमीचाच. डोळे चुरचुरले तशी तिने हातमोज्याने चोळले, आणि हातमोज्यालाही अमोनिया लागलेला. पुढचं तिला नीट आठवत नाही. फिटरमामाने तिला पायांना धरून बाहेर ओढलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंडातून आवाज निघत नव्हता. फिटरमामा यंत्रं सांभाळायचा. तो तिथून जात होता हा योगायोग. वारा पाळणाघराच्या उलट दिशेला होता, हा दुसरा.

मावशी वाचली. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवून ती घरी पडून राहिली. आवाज मात्र गेला. बोलायची ती नुसती हवा यायची, कोरड्या पानांवरून कुणी चालल्यासारखी.

आणि मग सरकारी तपासनीस बाई आल्या.

उंच, सडसडीत, पायांत जाड बूट, चेहऱ्यावर हसू नावालाही नाही. बायका टेबलावर कामाला होत्या. बाई मॅनेजरला घेऊन बोळातून फिरल्या, नळ्यांना हात लावून पाहिला, मागच्या रांगेतल्या नळीच्या व्हॉल्व्हपाशी बराच वेळ ओणव्या राहिल्या. मग बदकाच्या दारापाशी येऊन थांबल्या आणि मान वर केली.

"हे काय आहे?"

मॅनेजर गप्प. पाळणाआजी दारात भोपळ्याला खांद्यावर घेऊन उभी, तीही गप्प. पण टिटवी तिथेच होती. आणि तिला त्या गोळ्याचा किती अभिमान होता, ते तुला काय सांगू.

"घंटा आहे," ती म्हणाली. "तिला आम्ही निजवलंय. ती फुलांची दिसते ना, ती आमच्या भोपळ्याची. त्याच्याखालची पिवळी, ती तिखट काकूच्या मुलाची. मग चौकड्याची, ती लांबी काकूच्या मुलीची. निळी माझी, पण ती आत गेली. माझ्या आईने बांधली, स्टुलावर चढून."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मॅनेजरनेही सगळं ऐकून घेतलं. पाळणाआजीने ओठांवर बोट ठेवलं होतं, पण टिटवीची तिच्याकडे पाठ होती.

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. आवाज न चढवता त्या बोलल्या, म्हणूनच कदाचित तो जास्त लागला.

"मागचा व्हॉल्व्ह झिजलाय. तो बदलल्याशिवाय यंत्र चालवायचं नाही, हे मी मॅनेजरना सांगितलंय. आता तुमच्याशी बोलते. ही घंटा कुणासाठी टांगली होती? तुमच्या पोरांसाठी. तिचं तोंड कुणी बांधलं? तुम्ही."

"खोटी वाजायची ती," तिखट काकू म्हणाली. "पोरं झोपायची नाहीत. तुमची असती म्हणजे कळलं असतं."

"खोटी वाजायची असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बायकांच्या माना एकेक करून मॅनेजरकडे वळल्या आणि लगेच परत आल्या.

"वर्षानुवर्षं ती वाजतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी एकीने तरी विचारलं, की ही का वाजते? यंत्र तपासा म्हणून एकीने तरी काम थांबवलं? त्यापेक्षा चिंधी बांधणं सोपं. खाली चहा घेत." चहाचंही त्यांना कळलं होतं, टिटवीने तेही सांगितलं होतं. "तुमच्या घराला आग लागली तर तुम्ही धुरावर चादर घालाल."

एवढं बोलून त्या गेल्या.

असं कुणी तोंडावर बोललं की माणसाचं काय होतं, तुला माहीत असेल. कान तापतात. आपलं चुकलं का, हे मनात यायच्या आधी, ही कोण लागून गेली, हे येतं. "हिच्या जिभेला हाड नाही," कुणी म्हणालं. "बूट बघितलेस तिचे? त्यांतच अक्कल ठेवली असेल," दुसरी म्हणाली, आणि बायका हसल्या, पण ते हसू कुणाच्या डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्राची घरघर सुरूच होती. व्हॉल्व्ह तोच. "मागवलाय," मॅनेजर म्हणाला. "येईल तेव्हा येईल. तोवर फळं सडू द्यायची का?" आणि घंटेभोवती त्याने सुतळी बांधून तिच्या गाठीवर लाख ओतून शिक्का मारला होता. "हा पुरावा आहे. चौकशी होईपर्यंत जसाच्या तसा राहणार. कुणाकुणाच्या चिंध्या आहेत ते मला कळलंय. आतल्याच माणसाने सांगितलंय. हात लावील त्याची नोकरी गेली."

म्हणजे बघ काय झालं. झिजलेला व्हॉल्व्ह चालूच, पोरं पाळण्यात तशीच, आणि घंटेचं तोंड आधी प्रेमाने बांधलेलं होतं ते आता लाखेने बंद झालं. पण त्या दिवशी कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला. आतल्याच माणसाने.

आतलं माणूस म्हणजे कोण? पाळणाघरात दिवसभर कोण असतं?

कुणी उघड काही ठरवलं नाही. तशी गरजच पडली नाही. सकाळी बायका पोरं सोडायला आल्या, टिटवीही शाळेआधी आईबरोबर आलेली, तेव्हा पाळणाआजीने नेहमीसारखे हात पुढे केले, आणि तिखट काकूने आपला मुलगा स्वतःच पाळण्यात ठेवला. लांबीने तेच केलं. मग तिसरीने. आजीचे हात पुढे तसेच राहिले. दुपारी तिच्या चहाचा कप कुणी आणला नाही. तिची बसायची चटई ओल्या बोळात सापडली. संध्याकाळी बदकाच्या डोळ्यावर कुणीतरी कोळशाने फुली मारली होती. इतक्या जणी आणि एक चकार शब्द नाही. या बायकांना इतकं एकदिलाने काही करताना टिटवीने आजवर पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याची भीती वाटली. सगळ्यांत जास्त भीती तिला आईची वाटली, कारण आईनेही भोपळ्याला स्वतःच्या हाताने पाळण्यात ठेवलं होतं, आजीकडे न बघता.

आजीला खरं ठाऊक होतं. ती दारातच तर उभी होती. टिटवी तिच्याजवळ गेली तेव्हा आजी चटई पिळत होती.

"आजी, तू सांगत का नाहीस?"

आजीने ओठांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "माझं काय जातंय? तुझ्या आईला इथे राहायचंय अजून. जा, भोपळ्याला टोपी घाल."

टिटवीने टोपी घातली. तो दिवस आणि दुसरा दिवस ती गप्प होती. शाळेत बाईंनी विचारलं, "घसा बसला का गं?" तिने मान हलवली. तिला वाटलं, खरंच बसला तर बरं. मावशीसारखा.

तिसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर बायका टिटवीच्याच घरी जमल्या. मावशीला बघायला, असं म्हणत आल्या. घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. कुणी खाटेवर, कुणी उंबऱ्यावर, कुणी उलट्या बादलीवर. मावशी भिंतीकडे उशी लावून पडलेली, डोळ्यांवर ओली पट्टी. आईने चहा टाकला. थोडा वेळ डोळ्यांचं, डॉक्टरचं बोलणं झालं, आणि मग तिखट काकूने कपाळावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. ती असं करायला लागली की मुद्द्याचं बोलणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"उद्यापासून म्हातारी नको तिथे," ती म्हणाली. "मॅनेजरला सांगू, आमची पोरं तिच्या हातात देत नाही. दुसरी बाई आण. सगळ्यांनी मिळून सांगितलं तर ऐकेल तो."

"हे बरं ऐकेल," उंबऱ्यावरून लांबी म्हणाली. ती उंच होती आणि तिचं बोलणंही वरून आल्यासारखं वाटायचं.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. व्हॉल्व्हचं सांगितलं तर ऐकत नाही, म्हातारीचं ऐकेल म्हणतेस. ऐकेलच. त्याला काय, फुकटात होतंय."

"तू कुणाच्या बाजूची आहेस गं?"

"मी उंबऱ्यावर बसलेय. दोन्ही बाजूंनी वारा लागतोय."

दोघीतिघी हसल्या. आई हसली नाही. ती चहा गाळत होती, आणि चहा कपाबाहेर सांडत होता.

टिटवी मोरीच्या दारात उभी होती. भोपळ्या तिच्या कडेवर, तिच्या वेणीचं टोक चावत. उद्या आजी नसेल. आजी जाईल ती ओठांवर बोट ठेवूनच जाईल. तिने भोपळ्याला खाली ठेवलं.

"मी सांगितलं," ती म्हणाली.

खोलीत सगळीकडे ऐकू गेलं. तिचा आवाज तसाच तर होता.

"त्या बूटवाल्या बाईंना मी सांगितलं. कुणाची कुठली पट्टी ते. आजी गप्प होती. ती मला गप्प बस म्हणत होती. मला वाटलं, त्यांना आवडेल."

तिखट काकूचा हात रुमालाच्या गाठीवर होता तिथेच थांबला. आईने गाळणं खाली ठेवलं, टिटवीचा दंड धरला, आणि मग पुढे काय करायचं ते तिला सुचेना. तशीच धरून उभी राहिली.

मग भिंतीकडून कोरड्या पानांचा आवाज आला. मावशी बोलत होती. ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"पोरीने... खोटं काय सांगितलं?"

तिखट काकूने हात गाठीवरून खाली घेतला.

"मी पडले तेव्हा..." मावशी थांबली, श्वास घेतला, "...मला वाटलं, घंटा वाजली नाही. फिटरमामा म्हणाला, वाजत होती. गोळ्याला हात लावून पाहिला त्याने. आत धडधडत होती. आपल्याला ऐकू नाही आली." पुन्हा श्वास. "माझीच बहीण... चढली होती ना स्टुलावर."

आईचा हात टिटवीच्या दंडावरून सुटला.

मला विचारशील तर त्या बाईंचे शब्द बायकांना खरे लागले ते आत्ता. अंगणात लागले होते ते कानाला. एकीने डोळे पुसले आणि मोरीत जाऊन नाक शिंकरलं. लांबी म्हणाली, "मी माझी पट्टी काढणार."

"शिक्का आहे वर," आई म्हणाली. "हात लावील त्याची नोकरी जाईल."

"एकीने लावला तर एकीची जाईल."

"आणि सगळ्यांनी लावला तर?" हे बादलीवर बसलेलीने विचारलं, अगदी हळू, जणू स्वतःलाच.

तिखट काकूने रुमालाची गाठ घट्ट केली. "सगळ्यांना काढलं तर फळं काय तो एकटा निवडणार आहे? बसेल मग पेट्यांवर बोंबलत." ती उठली. "उद्या आत जायचं नाही. आधी घंटा मोकळी, मग व्हॉल्व्ह, मग काम. पोरं पण आत ठेवायची नाहीत. रात्रपाळीवाल्यांची असतील, तीही बाहेर काढायची. आणि म्हातारीचं..." ती अडली. "म्हातारीचं बघू."

"बघू काय," लांबी म्हणाली. "जाऊन सांग की आत्ता."

"कुठल्या तोंडाने सांगू? तू ये बरोबर."

पण त्या संध्याकाळी आजीकडे कुणीच गेलं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरी जाईल.

सकाळी शाळेच्या वेळेआधी टिटवी आईबरोबर गेली. आईने तिला नको म्हटलं नाही आणि चल असंही म्हटलं नाही. भोपळ्या आईच्या खांद्यावर. अंगणात बायका घोळक्याने उभ्या होत्या, कुणी कोट घातले नव्हते, कुणी बूट घातले नव्हते. एरवी या वेळी केवढा कलकलाट असायचा. पलीकडच्या शेडच्या बायका आपापल्या दारातून नुसत्या बघत होत्या, पोरं कडेवर, आत जाऊ की नको अशा.

आतून यंत्राची घरघर येत होती. हवा पडलेली होती. एक पान हलत नव्हतं. मावशी पडली त्या दिवशीसारखा वारा आज कुठल्याच दिशेला नव्हता.

बोळाच्या तोंडाशी मॅनेजर उभा होता. त्याच्या बाजूला पहारेकरी, तोही यांच्यातलाच एक, आणि म्हणून खाली मान घातलेला. बायका बोळात शिरल्या तसा मॅनेजर मागे मागे सरकत बदकाच्या दारापाशी गेला आणि तिथे थांबला. डोक्यावर तो गोळा, भोवती सुतळी, लाल लाखेचा शिक्का.

"कोण आधी?" तो म्हणाला. ओरडला नाही. "चला ना. सगळ्या मिळून आलात, पण शिक्का एकच हात तोडील. तो कुणाचा ते मला बघायचंय. तुझा? का तुझा?"

असं होतं बघ. घरून निघताना सगळ्या एक होत्या. आता त्याने बोट दाखवलं तशी जी ती एकटी झाली. तिखट काकूच्या नवऱ्याला काम नव्हतं. लांबीच्या घरी सासूचं औषधपाणी होतं. आईवर आता मावशीही होती. बायका उभ्या राहिल्या. मागची एक पाऊल मागे सरली. गार वाफ त्यांच्या पायांशी वळवळत होती. वास होता, पण थोडा वास तिथे नेहमीचाच. फक्त आईच्या खांद्यावरचा भोपळ्या डोळे चोळायला लागला. मग तिखट काकूचा मुलगाही.

टिटवीने ते पाहिलं. तिने वर गोळ्याकडे पाहिलं. सगळ्यांत वर भोपळ्याची पट्टी होती. ती निघाल्याशिवाय खालची कुणाचीच निघणार नव्हती.

टिटवीला नोकरी नव्हती.

तीन पायांचं स्टूल भिंतीशीच असायचं. तिने ते ओढलं. पाय फरशीवर खरखरले, आणि मॅनेजर म्हणाला, "ए, ए पोरी," पण तोवर ती चढली होती. तोल जाऊ नये म्हणून तिने दोन्ही तळवे गोळ्यावर टेकवले.

आणि तशीच थांबली.

कापडाच्या आत काहीतरी हलत होतं. मऊ, भराभर, थांबायचं नाव न घेता. ओंजळीत धरलेल्या पाखराची छाती उडते तसं.

आयुष्यभर सगळे टिटवीला हळू बोल म्हणत आले होते. त्या वेळी ती खरंच हळू बोलली. तरीही बोळाच्या दोन्ही टोकांना ते ऐकू गेलं.

"आई, ही वाजतेय."

त्यानंतर कुणी कुणाला विचारलं नाही. मॅनेजर दारासमोर होता आणि मग तो दारासमोर नव्हता. बायकांच्या लोंढ्याने त्याला भिंतीला लावलं आणि त्या आत घुसल्या. पाळणाआजी एकटीच आत होती, रात्रपाळीवाल्यांची पोरं तिच्या भोवती. तिने दोन्ही हात पुढे केले, प्रत्येक हातात एक मूल, आणि या वेळी ते हात कुणी टाळले नाहीत. जिचं मूल तिच्या हाती, असलं काही नव्हतं. जे मिळेल ते मूल उचलायचं आणि अंगणाकडे पळायचं. पहारेकऱ्याने फिटरमामाला हाक मारली, आणि थोड्याच वेळात यंत्राची घरघर अडखळत बंद पडली. तिखट काकू सगळ्यांत शेवटी निघाली. तिच्या एका काखेत कुणाचं तरी मूल होतं, आणि दुसऱ्या हाताने तिने आजीचा दंड घट्ट धरला होता.

"उतर," आई अंगणातून ओरडत होती. "टिटवे, खाली उतर आणि बाहेर ये."

टिटवीने सुतळीत बोटं घालून ओढली. लाख तडकली, तिचे तुकडे खाली पडले. भोपळ्याची पट्टी सुटली. मग पिवळी. मग चौकड्याची. मग नुसतेच रंग, आणि मग निळी, विटलेली, तिची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाने ते तिला कळत नव्हतं. प्रत्येक पट्टीबरोबर आतला आवाज थोडा थोडा वर येत होता, आणि शेवटची चिंधी खाली पडली तेव्हा घंटा इतकी कर्कश वाजायला लागली की अंगणातली सगळी पोरं एकदम रडू लागली. एकाही आईने त्यांना गप्प केलं नाही.

मग ती उतरली, पळत बाहेर आली, आणि आईने तिला पोटाशी धरून तिचे डोळे पाण्याने धुतले. एकदा, दोनदा, पुन्हा. डोळे उघडले तेव्हा टिटवीला आधी अंगण दिसलं, मग पलीकडची शेड. तिथल्या बायका अजून दारात उभ्या होत्या. त्यांच्या आतल्या यंत्राची घरघर चालू होती. त्यांच्या दारावर भिंतीला एक कापडाचा गोळा होता, यांच्यापेक्षाही मोठा, आणि त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं.

टिटवीने आईचा हात सोडवला. ती परत बोळाच्या तोंडाशी गेली, पहारेकऱ्याने बाहेर आणून ठेवलेलं तीन पायांचं स्टूल तिने उचललं, ते तिच्या कमरेला आपटत होतं, आणि तशीच ती अंगण ओलांडून पलीकडच्या शेडकडे चालायला लागली.